नमुन्यात माणूस नाही

"शिंकलात?" बायकोने आतून विचारलं.

"छे गं, नुसता घसा खाकरला."

"मग तर बाळाच्या खोलीत मुळीच जायचं नाही."

भाऊंना पहिली नात होऊन अकरा दिवस झाले होते, पण अजून त्यांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. बायको घेत होती, जावई घेत होता. भाऊंचं नाक तेवढं गळत होतं, म्हणून त्यांना बंदी. बिचारे सकाळी उशी हातात घेऊन सराव करायचे.

शेवटी मुलीलाच दया आली. "बाबा, अख्ख्या गावाच्या नाकातले विषाणू तुमच्या प्रयोगशाळेत शोधतात ना? मग स्वतःचा रिपोर्ट आणा. सर्दी नसली तर बाळ तुमच्या मांडीवर."

हे तर घरचंच काम! भाऊ बावीस वर्षं लोकांच्या नाकात कापसाची काडी घालून नमुने घेत आले होते. "काही होत नाही हो, जरा गुदगुल्या होतील," असं दिवसातून साठ वेळा म्हणायचे. त्या दिवशी दार लावून त्यांनी काडी स्वतःच्या नाकापाशी नेली आणि हात जो थांबला तो थांबलाच. ही मेली एवढी लांब असते, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. अखेर नाकपुडीला नुसती टेकवल्यासारखी करून त्यांनी ती नळीत टाकली.

संध्याकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. "भाऊ, हा नमुना कुणाचा?"

"माझाच. सर्दी निघाली का?"

"सर्दीचं राहू द्या. नमुना नीट घेतलाय का, हे कळायला मशीन आधी त्यात माणसाच्या पेशी शोधतं. यात माणूसच सापडत नाहीये!"

रिपोर्टवरही तसंच छापून आलं होतं. भाऊंनी तो खिशात दडवला, पण धुवायच्या कपड्यांचे खिसे तपासायचा बायकोचा जुना शिरस्ता. "तीस वर्षं मी घसा फोडून सांगतेय," ती कागद नाचवत म्हणाली, "आता मशीनलाही पटलं." जावई तोंड दाबून गॅलरीत पळाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतः काडी घातली. भाऊंनी अशी बोंब ठोकली की बाहेर रांगेतल्या नऊ जणांपैकी आठ जण चालते झाले. नववा बुटाच्या नाड्या बांधत होता, म्हणून तेवढा सापडला.

"माझी रांग पळवलीत तुम्ही!" मॅडम कडाडल्या. "आता मशीन काय रिकामं फिरवू? जा, बाळाला हात लावणाऱ्या सगळ्यांचे नमुने घेऊन या."

भाऊ काड्या घेऊन घरी गेले. काडी नाकात गेली तरी बायकोची पापणीसुद्धा लवली नाही. "एवढंच?" ती म्हणाली, आणि भाऊ नळ्यांवर नावं लिहीत बसले.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बसवून रिपोर्ट वाचला. मुलगी, विषाणू नाही. भाऊ, विषाणू नाही. मॅडमच्या मते त्यांचं नाक प्रयोगशाळेतल्या नव्या जंतुनाशकाच्या वासाने गळत होतं. जावई, विषाणू आहे. आजी, भरपूर आहे.

"पण मला साधी शिंकही नाही!" बाळाची आजी, म्हणजे भाऊंची बायको, म्हणाली.

"काहींना काहीच होत नाही," भाऊ म्हणाले, "पण ते दुसऱ्याला देतात."

बायको मुकाट्याने पाळण्यापासून लांब झाली. तिचा उतरलेला चेहरा पाहून भाऊंना जिंकल्याचा आनंदच होईना. पण मुलगी दोन रात्रींची जागी होती, उभ्या उभ्या पेंगत होती. "बाबा, घ्या हिला," ती म्हणाली आणि आडवी झाली.

नातीसाठी भाऊंनी हात प्रयोगशाळेतून आणलेल्या त्याच जंतुनाशकाने दोनदा धुतले होते. ती त्यांच्या हातांवर आली, डोळे मिटून गाढ झोपली, आणि नेमकं त्याच क्षणी भाऊंचं नाक हुळहुळायला लागलं. दोन्ही हात गुंतलेले. शिंकलो तर बाळ उठेल, आणि पुन्हा बंदी! भाऊंनी श्वास कोंडला, दात आवळले, मान लांब फिरवली. शिंक परतवली, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अहो," लांबून बायको हळूच म्हणाली, आणि तिचाच आवाज कापला, "असं काय करता? लहान मुलासारखं रडायचं का?"

शिंकेचं सांगावं असं भाऊंच्या मनात आलं. पण नातीने त्यांचं बोट धरलं होतं, आणि शिंक जाऊन बराच वेळ झाला तरी डोळे काही थांबायला तयार नव्हते.