पांढरीची पाठवणी

मखमलाबादच्या भिमाजी पिंगळ्यांनी सकाळी ओट्यावर उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की पांढरी जाईल ती स्वतःच्या चाकांवर जाईल. टोचन लावून ओढत न्यायला ती काही मेलेली म्हैस नाही!

पांढरी ही त्यांची गाडी. एके काळी ती खरोखर पांढरी होती. हल्ली तिला पांढरी म्हणणं ही निव्वळ माया. तिच्यातून त्यांनी मळ्यातला झेंडू फुलबाजारात नेला, दिनेशला दवाखान्यातून घरी आणलं आणि पुढे त्याच दिनेशची बायको येवल्याहून वाजतगाजत आणली. सीट झटकली की अजून पाकळ्या निघायच्या. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा आणि मागचा दरवाजा आतून उघडत नसे. त्याला बाहेरून कंबरेचा एक ठरावीक धक्का द्यावा लागे. तो धक्का फक्त भिमाजींना जमायचा, आणि या विद्येचा त्यांना भारी अभिमान होता.

आता दिनेशने नवी गाडी घेतली होती, शेडमध्ये जागा एकाच गाडीची होती आणि पांढरीचं पासिंग व्हायची आशा उरली नव्हती. म्हणून दिनेशने पेठ रोडच्या भंगारवाल्या धोंडीरामशेठशी फोनवर ठरवून टाकलं. शेठचा निरोप स्वच्छ होता. गाडी बुधवारीच आणा.

इथे नवसाबाई आडव्या आल्या.

"बुधवारी? लेकीला बुधवारी सासरी धाडतं का कुणी? जाशील बुधी, तर येशील कधी!"

"आई, ती परत यायचीच नाहीये," दिनेश म्हणाला. "भंगारात चाललीय."

त्या शब्दासरशी भिमाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ज्या गाडीतून तुला दुपट्यात गुंडाळून आणला, तिला भंगार म्हणतो? तिच्याआधी तूच निघशील या घरातून!"

एरवी बायकोच्या शास्त्राला नाक मुरडणारे भिमाजी त्या क्षणी मोठे शास्त्री झाले. बुधवार टळला. शेठला कळवावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. लोखंड काय एका दिवसात नासतं का, असं भिमाजींचं म्हणणं.

गुरुवारी नवसाबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि पुढच्या सीटवर खण-नारळ ठेवून पांढरीची ओटी भरली. भिमाजींनी मळ्यातला निवडक झेंडू तोडला आणि गाडीला नखशिखांत सजवलं. शेजारचा हिरामण कुंपणावरून म्हणाला, "भाऊ, भंगारात चालली का वरातीत?" भिमाजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ज्याच्या मोटरसायकलवर कोंबड्या अंडी घालतात त्याने बोलावं?

"नीट जा गं बाई," नवसाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या. हे गाडीला. नवऱ्याला त्या काही म्हणाल्या नाहीत.

आणि इतके दिवस चार चार वेळा किल्ली फिरवायला लावणारी पांढरी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याचंच भिमाजींना जास्त वाईट वाटलं.

शेठचं यार्ड आलं तर फाटकाला कुलूप. पण शेजारच्या बंगल्यासमोर ही गर्दी! फेटेवाले पुरुष, नटलेल्या बायका, लाल कोटातला बँड. पांढरी दिसताच कुणीतरी ओरडलं, "आली, आली गाडी!" बँडने एकदम ठेका धरला. एका बाईने पुढे होऊन गाडीला ओवाळलं, दुसरीने चाकापुढे नारळ फोडला.

भिमाजींचा ऊर भरून आला. घरचा पोरगा गाडीला भंगार म्हणतो, आणि हा परका भंगारवाला तिच्यासाठी बँड लावतो! माणसाची पारख अशी असते. त्यांनी खिडकीतून सगळ्यांना हात जोडले.

तेवढ्यात गर्दीच्या रेट्याचा धक्का बसून मागचा दरवाजा आपसूक उघडला. फेटा आणि मुंडावळ्या बांधलेला एक तरणा पोरगा आत बसला आणि दरवाजा धाडकन बंद झाला.

"चला काका, मुहूर्त गाठायचाय. आडगाव नाक्याचं कार्यालय."

तेव्हा कुठे भिमाजींच्या डोक्यात उजेड पडला. ठरवलेली गाडी आली नव्हती, आणि हारांनी मढलेली हीच ती, असं वऱ्हाडाने धरून चाललं होतं.

"अहो, ही गाडी मोडायला आणलीय!" ते ओरडले.

खिडकीशी उभे असलेले नवरदेवाचे मामा लालबुंद झाले. "शुभकार्याला निघताना मोडायची भाषा करता? तोंडाला काही हाड?"

"शेठ कुठंय? मला धोंडीरामशेठला भेटायचंय."

"शेठ नवऱ्यामुलाचे वडील! ते कार्यालयात पुढे गेलेत. तुमची गाडी चालत नसली तर तसं सांगा. टोचन लावून नेतो."

टोचन? पांढरीला? भिमाजींनी पुढचा मागचा विचार न करता गिअर टाकला.

पंचवटीतली वळणं त्या दिवशी सगळीच्या सगळी डावीकडे निघाली. प्रत्येक वळणावर पांढरी बँडच्या वरताण कोकलायची. शेवटी बँडवाला मास्तर खिडकीशी आला. "काका, वाजवायचंच तर आमच्या सुरात तरी वाजवा." भिमाजी म्हणाले, "तुम्हीच तिच्या सुरात वाजवा. ती तुमच्याआधीपासून वाजतीय."

कार्यालयाच्या दारात मुलीकडची मंडळी आरती घेऊन उभी होती. भिमाजी उतरले ते थेट शेठला शोधायला आत. मागचा दरवाजा आतून उघडत नाही, हे रागाच्या भरात ते साफ विसरले.

इकडे आरतीतल्या वाती विझायला आल्या, पण नवरदेव काही उतरेना. तो आतून काचेवर हात आपटत होता. बँडपुढे कुणाला काय ऐकू येणार? मुलीच्या काकांनी कपाळाला हात लावला. "रुसला! मानपानात काय कमी पडलं?"

धावपळ झाली. शाल आली, टॉवेल-टोपी आली, नवरदेवाचा कान पिळायचा मान कुठल्या भावाचा यावर मुलीचे दोन चुलत भाऊ भांडले. काचेमागचा नवरदेव हातवारे करत होता. प्रत्येक हातवाऱ्यासरशी मुलीकडचे म्हणत, "बघा, अजून मागतोय!" मग मुलाकडचेही तापले. "आमचं पोरगं मागणारं नाही, तोंड सांभाळा!" दोन्हीकडचे मामा एकमेकांच्या फेट्यांपर्यंत पोहोचले. भटजी आतून ओरडत होते की मुहूर्त चाललाय.

शेठ सापडले नाहीत म्हणून वैतागलेले भिमाजी बाहेर आले आणि हे दृश्य बघून त्यांची आणखीच सटकली. "अरे, लग्न करताय का कुस्ती? सरका तिकडे!" गर्दीतून वाट काढत ते दरवाजाशी गेले आणि त्यांनी कंबरेचा तो ठरावीक धक्का दिला. दरवाजा उघडला. घामाने चिंब झालेला नवरदेव मुलीच्या काकांच्या अंगावरच कोसळला. काकांना वाटलं, पाया पडतोय. त्यांनी त्याला छातीशी धरला आणि भांडण तिथेच मिटलं.

अक्षता पडल्या. ठरवलेली गाडीही तोवर येऊन पोहोचली. पण मुलीची आजी बयाबाई खुर्चीतून हलेना. "नवरा ज्या गाडीतून आला तिच्यातूनच माझी नात जाईल. आज गाडी बदलायची नाय." तिच्यापुढे कुणाचं चालतंय? भिमाजी जेवले, मठ्ठा प्यायले आणि मनातल्या मनात धुमसत बसून राहिले. पाठवणीला नवरी संध्या हुंदके देऊ लागली. तिला आणि पांढरीला शेजारी शेजारी बघून भिमाजींचा बांध फुटला. ते नवरीपेक्षा मोठ्याने रडले. मुलाकडच्यांना वाटलं हे मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे. दोघांनीही त्यांना पाणी दिलं.

शेठच्या बंगल्याशी आल्यावर भिमाजींनी दरवाजा उघडला आणि नवरी उतरली. तिने उंबरठ्यावरचं माप ओलांडलं, आणि त्याच क्षणी पांढरीने एक उसासा टाकला आणि ती बंद पडली. किल्ली कितीही फिरवली तरी हूं की चूं नाही. भिमाजींनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला. शब्दाला जागली होती बिचारी. शेठच्या दारापर्यंत स्वतःच्या चाकांवर आली होती.

शेठ समोरच उभे होते. भिमाजींनी किल्ली पुढे केली. "घ्या शेठ. मखमलाबादची गाडी. दिनेशशी बोलणं झालं होतं ती."

धोंडीरामशेठांनी हात मागे घेतला. "ती भंगाराची गाडी हीच? मी बुधवारी आणा म्हणालो होतो!"

"बुधवारी लेक धाडत नाय आमच्यात."

"आणि जिच्यातून सून घरात आली, ती गाडी तोडत नाहीत आमच्यात! लक्ष्मीच्या पावलांवर घण घालू मी? सुनेचे हार सुकले नाहीत अजून. न्या ही परत."

"शेठ, हा शुद्ध अन्याय हाय!" भिमाजी गरजले. गरजता गरजता त्यांचा आवाज मध्येच ओला झाला, हे त्यांनाही कळलं आणि शेठनाही.

गाडी तर जागची हलत नव्हती. शेठनी आपली क्रेन मागवली. भिमाजींनी विरोध केला, पण पेठ रोडवर रात्र काढण्याची तयारी त्यांची नव्हती.

दिवेलागणीला गल्लीत क्रेन शिरली. तिच्यामागे टोचनला बांधलेली पांढरी, अंगावर सुकलेले हार, आणि स्टिअरिंगवर मान ताठ ठेवून बसलेले भिमाजी. डावीकडच्या वळणावर हॉर्न वाजला, तेव्हा सगळी गल्ली दारात आली. हिरामणने तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नको," भिमाजी म्हणाले.

शेडमध्ये दिनेशची नवी गाडी कधीच जाऊन बसली होती. ती बाहेर, कावळे घाण करतात त्या जांभळाखाली, निघेपर्यंत भिमाजी क्रेनवाल्याला पांढरी जमिनीवर टेकवू देईनात. नवसाबाई आतून भाकरतुकडा घेऊन आल्या, पांढरीवरून ओवाळून टाकला आणि बॉनेटवरचं कुंकू पदराने सारखं केलं.

"पहिल्याच दिवशी माहेरी आली माझी बाय," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अन् बुधवारी धाडली असती म्हंजे?"