खिशात मावणारा कॅमेरा

बुद्धभूषण कांबळे यांनी राजारामपुरीतल्या दुकानात पाऊल ठेवले, तेव्हा त्यांची मागणी अगदी साधी होती. रोजच्या वापराचा, शर्टाच्या खिशात मावणारा आणि खिशात आहे हे कुणाला कळणार नाही असा लहान डिजिटल कॅमेरा. ‘कुणाला’ म्हणजे त्यांच्या आईला, तानूबाईंना.

त्यामागे कारण होते. मागच्याच महिन्यात तानूबाईंची थोरली बहीण धोंडुबाई वारली. पुण्यानुमोदनाच्या विधीत पुढे ठेवायला घरात तिचा एकही फोटो सापडेना. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा चेहरा मोठा करून आणला. तो पाहून तानूबाई एवढेच म्हणाल्या, “ही कोण बाई? माझी अक्का हसल्याबिगार बोलायची न्हाय.”

ते वाक्य बुद्धभूषणांच्या मनात रुतून बसले. आपल्या आईच्या बाबतीतही हेच होणार, हे त्यांना दिसत होते. दिवसभर खळखळून हसणाऱ्या तानूबाई कॅमेरा दिसताच आत जात, पांढरे पातळ नेसून येत आणि दोन्ही हात बाजूला सोडून, राष्ट्रगीत सुरू असल्यासारख्या उभ्या राहत. त्यांचा हसरा फोटो मिळाला, तर तो त्यांच्या नकळतच मिळणार होता.

मात्र कोल्हापुरात एखादी वस्तू एकट्याने घेण्याची रीत नाही. पाटबंधारे कचेरीतला शेजारच्या टेबलाचा आकाराम न बोलावता सोबत आला होता.

दुकानदाराने बोटभर जाडीचा एक कॅमेरा पुढे केला. खिशात तो असा बसला, की बुद्धभूषणांनाच तो चाचपून शोधावा लागला.

“ह्योच द्या,” ते म्हणाले.

“थांब भावा!” आकाराम पुढे सरसावला. “पावणं, ह्याला झूम किती?”

“झूम न्हाय ह्याला.”

“बघ! बिनझुमाचा कॅमेरा म्हंजे बिनकटाची मिसळ. रंकाळ्याच्या ह्या काठावरनं त्या काठावरचा भेळवाला दिसाय पायजे.”

“अरं, पण आई पाच फुटावर बसलेली असती.”

“आज पाच फुटावर हाय. उद्या गडहिंग्लजला गेली म्हंजे?”

बुद्धभूषणांना उत्तर सुचले नाही. आणि उत्तर सुचले नाही की समोरच्याचे म्हणणे खरे मानायचे, असा त्यांचा प्रामाणिक स्वभाव होता. त्यांनी झूमवाला कॅमेरा घेतला. तो खिशात अर्धाच गेला. उरलेला अर्धा बाहेर मान काढून बसला.

“आता?”

“आता काय? कॅमेरा बरोबर हाय. खिसा चुकलाय,” आकाराम म्हणाला आणि त्यांना थेट आपल्या ओळखीच्या शिंप्याकडे घेऊन गेला.

आण्णा शिंपी जुन्या वळणाचे होते. त्यांनी टेप लावून कॅमेऱ्याची लांबी, रुंदी आणि जाडी घेतली, वहीत लिहिली आणि विचारले, “ढिला ठिवू का अंगाबरोबर?”

“अंगाबरोबर,” बुद्धभूषण म्हणाले.

“महागाची वस्तू हाय. खाली वाकलासा तर पडंल. झाकण लावतो, काज-बटन करतो. आन् धक्का लागू ने म्हणून आतनं जाड अस्तर.”

त्यांच्या चौकड्यांच्या शर्टाला जुळणारे कापड दुकानात नव्हते, म्हणून खिसा खाकी झाला. त्या संध्याकाळी तानूबाईंनी मुलाकडे नीट निरखून पाहिले.

“भूषण, पोस्टात लागलास व्हय रं?”

“फ्याशन हाय, आई.”

“एकाच बाजूला?”

बुद्धभूषणांची पत्नी संघप्रिया हिला बेत ठाऊक होता. तिने तोंडात पदर धरला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

रविवारी सकाळी तानूबाई घरामागच्या परड्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या. समोर शेजारच्या चिमणाबाई होत्या. त्यांच्या सुनेने चहात साखरेऐवजी मीठ कसे घातले, ही हकिकत रंगात आली होती. तानूबाईंचा चेहरा अधूनमधून फुलत होता. हीच वेळ होती. बुद्धभूषण जवळ जाऊन बसले. ऐन वेळी खोळंबा नको, म्हणून त्यांनी खिशावरूनच बोट दाबून कॅमेरा आधीच सुरू केला.

एका गोष्टीचा विचार ना त्यांनी केला होता, ना आकारामने, ना आण्णांनी. झूमवाला कॅमेरा सुरू झाला, की त्याचे भिंग नळीसारखे दोन पेरे बाहेर येते. अंगाबरोबर शिवलेल्या खिशात त्याला बाहेर यायला जागा नव्हती. ते अस्तरात रुतले, झाकण ताणले गेले, बटण काजात आवळले आणि आत ‘घर्र, घर्र’ असा आवाज सुरू झाला.

चिमणाबाई बोलता बोलता थांबल्या. “तानूबाई, तुमच्या भूषणच्या छातीतनं आवाज कसला येतोय?”

बुद्धभूषणांनी दोन्ही हातांनी छाती धरली. बटण निघेना. त्यांना घाम फुटला. ते खिसा ओढू लागले, दाबू लागले, पिरगाळू लागले.

“अगं बया! ॲटॅक आला की!” चिमणाबाई ओरडल्या. “आडवा करा त्याला! पाय वर धरा! कोण हाय का रं तिकडं?”

“मला कायबी झालं न्हाय,” बुद्धभूषण धापा टाकत म्हणाले.

“आमचं मालकबी असंच म्हनलंतं!” चिमणाबाईंनी त्यांना शेंगांच्या ढिगावर आडवे केले. तानूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी मुलाच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतले.

आरडाओरडा ऐकून संघप्रिया धावत आली. “आत्या, घाबरू नगासा! त्यांच्या छातीत कॅमेरा हाय!”

तानूबाईंचा हात हवेतच राहिला. “छातीत? आगं, आपरेशन कवा केलं? मला का सांगिटलं न्हाय?”

“खिशात, आत्या, खिशात! तुमचा फोटू चोरून काढायला!”

तानूबाईंनी मुलाकडे पाहिले. शेंगांवर उताणा, भिजलेला, खाकी खिशाशी झगडणारा आपला बेचाळीस वर्षांचा मुलगा पाहून त्यांना आधी उचकी लागली आणि मग जे हसू फुटले, ते थांबेना. त्या जमिनीवर हात आपटून हसल्या, चिमणाबाईंच्या गळ्यात पडून हसल्या. ज्या हसण्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ते हसू पाच फुटांवर होते आणि कॅमेरा खिशात अडकला होता.

“बटन! कात्री आणा, कात्री!” बुद्धभूषण कळवळून ओरडत होते आणि खिशावरून सापडेल ते दाबत होते.

कात्री आली. खिसा कापला. कॅमेरा बाहेर निघाला, तेव्हा तानूबाईंनी डोळे पुसून पदर सारखा केला होता आणि चेहरा ओळखपत्रासाठी तयार झाला होता. बुद्धभूषणांनी कॅमेरा मुकाट्याने पत्नीच्या हातात दिला आणि ते पायरीवर जाऊन बसले.

“अहो, ह्यात कायतरी आलंय,” थोड्या वेळाने संघप्रिया म्हणाली.

ओढाताणीत कॅमेऱ्याची चाकी चित्रफितीवर फिरली होती आणि बटण दाबले गेले होते. तिने ती चित्रफीत सुरू केली. पडद्यावर खिशाच्या आतला काळोख होता. काळोखातून आधी चिमणाबाईंची आरोळी आली, मग पाणी ओतल्याचा आवाज, मग ते ऑपरेशन. आणि मग हसू. आधी अडखळत, मग मोकळे, श्वास घेण्यापुरते थांबून पुन्हा उसळणारे. असे हसू या घरात रोजच होते. कान देऊन ते कुणी कधी ऐकले नव्हते. बुद्धभूषण पायरीवरून उठून आले.

“ही मी हाय?” तानूबाईंनी हळूच विचारले.

“व्हय, आत्या.”

तानूबाईंनी कॅमेरा दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांजवळ नेला आणि त्या काळ्या पडद्याकडे संपेपर्यंत बघत राहिल्या. मग समाधानाने मान हलवली.

“झ्याक आलाय फोटू. म्हातारी दिसत न्हाय मी ह्यात,” त्या मुलाला म्हणाल्या. “ह्योच मोठा करून घे.”