डुक्कर निर्दोष होतं

शारजात राहून दिवसातून चार-पाच वेळा 'डुक्कर' हा शब्द खणखणीत आवाजात उच्चारणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे शेडगेकाका. लिफ्टमध्ये, किराण्याच्या दुकानात, शुक्रवारी खाली गाड्या धुणाऱ्यांच्या घोळक्यात. आजूबाजूच्यांना मराठी कळत नसे, म्हणून बिल्डिंगची अब्रू वाचली. पण काकांना तेही सहन होत नसे. समोरच्याला कळलं नाही असं वाटलं, की ते लगेच हिंदीत सांगायला घेत.

हे डुक्कर अमेरिकेतलं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मेलेलं. तिकडे अ‍ॅपलेशिया म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या दोन घराण्यांत पिढीजात वैर होतं आणि त्यात बरीच माणसं मारली गेली. नव्वदच्या दशकात आमच्याकडे नवी नवी केबल आली, तेव्हा कुठल्याशा चॅनेलवर त्याचा कार्यक्रम लागला. एक डुक्कर कोणाचं, यावरून हे सगळं झालं, असं निवेदक हसत हसत म्हणाला. आम्हीही हसलो आणि जेवायला बसलो. काका जेवले नाहीत. त्यांनी चॅनेलला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, तेव्हा दुसरं लिहिलं. मग अमेरिकेतल्या भाच्याकडून त्या विषयावरची जाडजूड पुस्तकं मागवली. लोक भाच्याकडून कॅमेरे मागवतात.

त्या घराण्यांची आडनावं मी इथे मुद्दामच देत नाही. दिली, तर कोणता भाऊ कोणाच्या बाजूने होता तेही द्यावं लागेल, त्यात माझं काहीतरी चुकेल, आणि काका चुकलेलं वाक्य तसंच पुढे जाऊ देत नाहीत. बोलणाऱ्याला मध्येच थांबवून, बोट वर करून, दुरुस्त करून, मगच पुढे सोडतात.

त्यांचं वाक्य ठरलेलं. "निमित्त वेगळं, कारण वेगळं." हे त्यांना धंद्याने शिकवलं. दुबईत देराला विमा सर्व्हेयरच्या ऑफिसात ते नोकरीला. लाँचमधून आलेला माल भिजला, की धक्क्यावर जाऊन तो कशाने भिजला ते ठरवायचं. लाँचवाला म्हणे, वादळ. काका म्हणत, "वादळ हे निमित्त. ताडपत्री फाटकी होती, हे कारण." तांदळाच्या पोत्यांना लावायचा हा नियम त्यांनी अख्ख्या मनुष्यजातीला लावला होता. एकदा मिक्सरवरून माझं आणि अजितचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, कडाक्याचं भांडण झालं. आवाज वर गेला असणार, कारण काका खाली आले. मिक्सर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मंजिरी, हा निमित्त. कारण म्हणजे तुझ्या सासूबाईंचा व्हिसा झालाय." कारण बरोबर होतं, पण म्हणून काय ते नवऱ्यासमोर सांगायचं?

एका शिवजयंतीला आमच्या मराठी मंडळींनी त्यांना दहा मिनिटं बोलायला सांगण्याचा वेडेपणा केला. काकांनी सुरुवात रीतसर सह्याद्रीपासून केली. आम्ही निश्चिंत झालो. तेवढ्यात ते म्हणाले, "डोंगरातल्या माणसाला शहरातला माणूस नेहमीच रानटी ठरवतो," आणि आम्ही समजून चुकलो. पुढच्या वाक्याला काका अमेरिकेत पोचले होते.

"पहिला माणूस मेला, तेव्हा ते डुक्कर जन्मालासुद्धा आलं नव्हतं! डुकराचा खटला कोर्टात चालला, निकाल लागला, विषय संपला. खरं भांडण जमिनीचं, लाकडाचं, जुन्या लढाईचं. पण शहरातून पेपरवाले आले आणि लिहून गेले, ही जंगली माणसं डुकरासाठी एकमेकांना मारतात. निमित्त वेगळं, कारण वेगळं! डुक्कर निर्दोष होतं!"

ते थांबावेत म्हणून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांना वाटलं, दाद मिळाली. पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या, "खलास झालं का हो तुमचं? मसालेभात गार होतोय."

आमचा ओंकार तेव्हा शाळेत होता. त्याने एकदा निरागसपणे विचारलं, "बट काका, इट वॉज जस्ट अ पिग, नो?" त्याची संध्याकाळ गेली. त्यानंतर तो लिफ्ट सोडून जिन्याने येऊ लागला. प्रकृती मात्र सुधारली त्याची. साऱ्या बिल्डिंगमध्ये काकांना एकच गुणग्राहक लाभला, तो म्हणजे खाली बसणारा नातूर, म्हणजे इथला वॉचमन, खानसाब. 'सुअर'चं नाव निघताच त्याने कानाला हात लावले, पण गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "साब, उसके लिए कौन मरता है? कोई पुरानी बात होगी." काका आठवडाभर हवेत होते.

तर अशा माणसाला घेऊन आम्ही एका शुक्रवारी खोर फक्कानला समुद्रावर गेलो. अजितच्या ऑफिसात निकम म्हणून एक नवा गृहस्थ आला होता. तोही आपली गाडी घेऊन मागोमाग. काका-काकू आमच्या गाडीत. मसाफीच्या पुढे डोंगर लागले, तसे काका काचेला नाक लावून बसले.

"असेच असणार तिकडचे डोंगर."

"काका, तिकडे हिरवीगार झाडी आहे. तुमच्याच पुस्तकात फोटो आहेत. इथे गवताची काडी नाही."

"झाडी हे निमित्त," काका म्हणाले.

किनाऱ्यावर चटया अंथरल्या, डबे उघडले. निकम मोठा बोलका माणूस. कोण कुठला याची चौकशी करत करत तो काकांपर्यंत आला. काकांनी गावाचं नाव सांगताच त्याने मांडीवर थाप मारली.

"म्हणजे शेळीवाले! अहो वहिनी, मी ह्यांच्या शेजारच्या तालुक्यातला. ह्यांच्या गावात पूर्वी शेळीने ज्वारी खाल्ली म्हणून भावकीत कुऱ्हाडी चालल्या. एक माणूस गेला हो! आमच्याकडे अजून कोणी फालतू गोष्टीवरून भांडायला लागलं, की म्हणतात, 'शेळीपायी मरशील!'"

सगळे खो खो हसले. मीही हसले. मग आम्ही सगळे काकांकडे वळून बोट वर होण्याची वाट पाहू लागलो. परक्या मुलखातल्या डुकराची वकिली करणारा माणूस, आता तर गावच्या शेळीवर आळ आलाय. आज काही घरी जायला मिळत नाही, असं मी मनात म्हटलं.

"हो," काका म्हणाले, "तेच गाव." त्यांनी ताटली खाली ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पाण्याकडे चालायला लागले.

काकडी चिरणारा काकूंचा हात थांबला होता. थोड्या वेळाने त्या पाण्याचा कॅन आणायला गाडीकडे निघाल्या, मी त्यांच्यासोबत गेले. डिकीपाशी त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांचे थोरले भाऊ गेले त्यात."

"कशावरून?" माझ्या तोंडून निघून गेलं. इतकी वर्षं काकांचं ऐकून लागलेली सवय.

"कोणी म्हणतं विहिरीवरून. आज्यापासून वाद होता म्हणे. कोणी म्हणतं बांधावरून. हे कधी बोलत नाहीत." काकूंनी कॅन उचलला, परत खाली ठेवला. "शेळी राखायला हे होते. लहान होते गं. बाभळीखाली डोळा लागला."

पत्रं, पुस्तकं, शिवजयंतीचं भाषण, लिफ्टमधला तो खणखणीत आवाज, सगळं एकदम आठवलं आणि रडू आलं. परक्या मुलखातलं ते डुक्कर निर्दोष सुटलं, तर एक दिवस शेळीही सुटेल. आणि शेळी सुटली, तर बाभळीखाली झोपलेलं ते पोरही सुटेल. एवढ्यासाठी हा माणूस जगाशी भांडत होता, आणि आम्ही टाळ्या वाजवून त्याला खाली बसवत होतो.

आम्ही चटईपाशी परतलो, तर निकमची शेळी अजून चरतच होती. आता तो ओंकारला ती गोष्ट हिंदी-इंग्रजीत समजावून देत होता.

"निकम," मी म्हटलं, "शेळीवरून नाही झालं ते."

"म्हणजे काय वहिनी? अहो, सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे."

"विहीर कोणाची होती माहीत आहे पंचक्रोशीला? बांध कोणी सरकवला? दोन घरांचं वैर सुरू झालं, तेव्हा ती शेळी जन्मालासुद्धा आली नव्हती." माझा आवाज चढला होता. "आणि तिला राखणाराही जन्माला आला नव्हता. निमित्त वेगळं, कारण वेगळं."

निकम गांगरला. "पण तुम्ही तर पुण्याच्या. तुम्हाला कसं माहीत?"

"वाचलंय मी. अमेरिकेहून पुस्तक मागवलंय."

एवढं बोलून मागे पाहिलं, तर काका उभे. पँट भिजलेली, पायाला वाळू. कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांच्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक त्यांना पाठ होतं. मी बोलले त्यातल्या एकाही शब्दाला काडीचा पुरावा नव्हता, हे त्यांच्याइतकं चांगलं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी बोट वर होण्याची वाट पाहिली.

काका चटईच्या कडेला बसले. पायाची वाळू झटकत राहिले. मग म्हणाले, "मंजिरी, थर्मासात चहा उरलाय का गं?"