मुक्या जाहल्या दोराची बखर

श्रीसूत्रधारी समर्थ. शके कोणतें तें पुसों नये. संवत्सराचें नांव दुर्मुख, चैत्र शुद्ध पंचमी, ते दिवशीं एका राज्यीं महाराजांनीं नदीवर झुलता पूल बांधावा ऐसें मनीं आणिलें आणि दोराचें काम सटवोजी ताणे यांजकडे सोंपविलें. सटवोजी राळ वितळवून तिचें सूत ओढीत, हातखंडा कारागीर, बोलणें कमी. राज्याचा रिवाज ऐसा कीं, ज्यानें दोर केला त्याच्याच लेकरानें पुलावर प्रथम चालावें, आणि सटवोजींस लेक एकच, कोंडाई. मग दोर वळून पारखण्यासाठीं आधीं दोन खांबांमध्यें ताणून बांधिला, तों टिचकी मारतां तंबोऱ्यासारखा बोलूं लागला आणि दरबार खुष जाहला. परंतु खांब हालले नाहींत, लांबी वाढली नाहीं, आणि नाद मात्र दिवसेंदिवस उतरत चालला. कारभारी विसाजीपंत यांचें पित्त खवळलें. दोर फितूर जाहला, बोलेपर्यंत आणखी दोन हात ताणावा, ऐसा त्यांनीं अर्ज केला.

ते दुपारीं सटवोजींनीं दोरास कान लाविला आणि तेथेंच त्यांचा डोळा लागला, मग ते स्वप्नीं सुताचे आंत उतरले. तेथें रयत अपार, एकेक जण लांबच लांब. पूर्वीं जत्रेसारखी एकमेकांत गुंतलेली, ती ताणानें रांगेंत उभी राहिली होती, परंतु कोणाचा पाय कोणाच्या कमरेस अडकलेला आणि सगळे कोंडमाऱ्यानें ओरडत. तोच आरडा बाहेर नाद होऊन येत होता. मग हळूहळू एकेक गांठ सुटली, कोणी बोटभर सरकला, कोणी कूस बदलिली, आणि खांद्यास खांदा लावून सारे घट्ट बसले. आरडा निमाला, पकड राहिली. सटवोजींस तेथून निघावेंसें वाटेना.

जागे होऊन ते हुजूर गेले आणि हात जोडून बोलिले, "महाराज, दोर फितूर नाही. आतली रयत जागेवर बसली. आता ताणाल तर तुटेल."

पंत हसले आणि म्हणाले, "मग तसाच चढवा आणि लेक चालवा."

दोर तसाच पुलास चढला, एक तुकडा मात्र खांबांवरच ताणलेला राहिला, आणि कोंडाई निघाली. मध्यावर थबकून म्हणाली, "आबा, हा तर काहीच बोलत नाही."

"बोलून झालंय त्याचं. तू चाल."

ती पैलतीरीं पोंहचली. पुढें पंतांनीं उरला तुकडा खांबांवरून सोडविला, तो थोडका आंखडला, पहिल्या लांबीस परतला नाहीं. सारांश इतकाच: दोर निवला आणि बापही निवला, परंतु ताणापूर्वीचे दोघेही राहिले नाहींत.