शिक्षा बंद, खाऊ चालू!

आरोप सरळ आहे, साहेब. तुमच्या कार्यालयाला वाचता येत नाही! अक्षरं येतात, शिक्के मारता येतात, लाल पेनाने रेघा ओढता येतात. वाचता तेवढं येत नाही. बरं, नाही कळलं तर माणूस विचारतो, ‘भाईसाहब, ये क्या लिखा है?’ तुम्ही तेही केलं नाहीत. थेट चाळीस मुलांच्या दाराला कुलूप ठोकायला निघालात!

आता बळवंतराव निरगुडकर तरी धुतल्या तांदळासारखे होते का? पैशाच्या बाबतीत होते. अकलेच्या बाबतीत थोडे खडे होते.

चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणं लिहून हा माणूस निवृत्त झाला, सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून फरीदाबादला फ्लॅटमध्ये आला आणि महिन्याभरात ‘चिमणचारा बालसेवा मंडळा’चा सचिव झाला. मंडळ म्हणजे दोन खोल्या. कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायांची चाळीस मुलं तिथे नऊ ते पाच असतात. शिकतात, भांडतात, झोपतात, खातात. खोल्या तुमच्या कार्यालयाच्या. परवाना दर वर्षी एकतीस मार्चच्या आत नवा करायचा, नाहीतर एक एप्रिलला कुलूप. मग त्या बायांनी पोरं न्यायची कुठे? मशीनजवळ?

यंदा अर्जासोबत मंडळाच्या सभांचं इतिवृत्तही मागितलं होतं. खजिनदार संपदा गुरुग्रामला एका कंपनीत नोकरी करते. ती म्हणाली, “काका, इतिवृत्त मराठीत आहे. मी हिंदी करून घेते ना कोणाकडून.”

“काही गरज नाही! देवनागरीच आहे ना? वाचतील झक मारत! अगं, चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फायलीत चुका काढल्या. माझ्या कागदावर कोणी क्वेरी काढून दाखवावी!”

आठ दिवसांत क्वेरी आली. एक नाही, तीन!

एक : ‘खाऊ-प्रमुख’ यह पद किस नियम के अंतर्गत बनाया गया?

दोन : खाऊ मद के अड़तीस हजार चार सौ रुपये किस-किस ने खाए?

तीन : संस्था में शिक्षा किसके आदेश से बंद की गई?

बळवंतरावांनी पत्र चष्म्यातून वाचलं, चष्मा काढून वाचलं, खिडकीच्या उजेडात धरून वाचलं. त्यांना राग नाही आला, कुतूहल वाटलं. तुमच्या कार्यालयात मुलांच्या खाण्याची इतकी चौकशी करणारा जीव आहे तरी कोण? चाळीस मुलं, दोनशे चाळीस दिवस, रोज प्रत्येकी चार रुपयांचा खाऊ. हिशेब तर बिनचूक होता!

“अहो, शिक्षा बंद केलीच की आपण,” त्यांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. “त्या नव्या बाईंनी पोराला कोपऱ्यात उभं केलं, तेव्हा ठराव नाही का केला? ‘केंद्रात शिक्षा पूर्ण बंद.’ चांगलंच केलं!”

“तेच तर! मग हा विचारतो का?”

त्यांनी सुवाच्य हिंदीत उत्तर पाठवलं. पद सभेने एकमताने निर्माण केलं. खाऊ-प्रमुख माझी पत्नी आहे. पैसे सबने मिल-बाँटकर खाए. शिक्षा मेरे आदेश से बंद हुई और आगे भी बंद रहेगी!

उलट टपाली सुनावणीचं बोलावणं आलं. अर्जंट!

संपदाला सुट्टी मिळाली नाही. तेव्हा एकोणतीस मार्चला नवरा-बायको दोघेच गेले. बाईंच्या हातात स्टीलचा डबा होता. समोर तुमचा अधिकारी, आडनाव त्यागी. आयुष्यात काय काय त्यागलं कोण जाणे, खुर्ची मात्र नव्हती. खुर्चीत तो असा रुतला होता, की आधी त्याला बसवून मग भोवती खुर्ची विणली असावी!

“तो आप हैं खाऊ-प्रमुख?”

“जी! पाच साल से!” विजयालक्ष्मीबाई पदर सारखा करत म्हणाल्या. त्यांची हिंदी भाजीवाल्यापुरती, पण जोरदार.

“किसी को कोई आपत्ति नहीं हुई?”

“आपत्ती आई थी ना. लॉकडाऊन में. पर हमने खाऊ बंद नहीं किया!”

त्यागींनी बळवंतरावांकडे पाहिलं. बळवंतराव मान डोलावत होते.

“और यह लिखा है, ‘खाऊ सर्वांना समान’?”

“हाँ तो! एक को कम, एक को ज्यादा, ऐसा हमारे इधर नहीं चलता. बराबर का हिस्सा!”

“वाह! नाम में चारा, काम में खाऊ, और शिक्षा बंद!” त्यागी उठून उभेच राहिले. “बीस साल की नौकरी में बहुत देखे, मैडम, पर मीटिंग बुलाकर, एकमत से, रजिस्टर में लिखकर खाने वाले पहली बार देखे!”

बाईंना वाटलं, साहेब खूश झाले. त्यांनी डबा उघडला आणि टेबलावर सरकवला.

“ये देखो, आपके लिए भी खाऊ लाई हूँ!”

टायपिंग थांबलं, चहावाला थांबला. अंगावर पाल पडावी तसे त्यागी मागे सरले.

“सरकारी दफ्तर में! मेरी टेबल पर! रिश्वत!”

आणि तेव्हा, साहेब, तेव्हा बळवंतरावांच्या डोक्यात ट्यूबलाइट लागली. बाहेर हिंदीत ‘खाऊ’ म्हणजे पैसे खाणारा! ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण! ‘आपत्ति’ म्हणजे हरकत! चौतीस वर्षं दिल्लीत काढली, पण घरातले शब्द घरातच राहिले. त्यांना चप्पल घालून बाहेर कधी नेलंच नव्हतं.

“साहब, साहब! हमारी भाषा में खाऊ मतलब बच्चों की खाने की चीज! राजगिरे के लड्डू हैं ये! और शिक्षा मतलब सजा!”

“अच्छा? खाऊ मिठाई है और शिक्षा सजा है?” त्यागी घाम पुसत म्हणाले. “मुझे पागल समझा है? परसों मैं खुद आऊँगा. निरीक्षण होगा. फिर देखते हैं!”

परसों म्हणजे एकतीस मार्च!

त्या दोन दिवसांत संपदाने सगळे कागद हिंदीत करून आणले. ‘खाऊ’ कापून ‘अल्पाहार’ केला.

“म्हणजे मी अल्पाहार-प्रमुख?” विजयालक्ष्मीबाई भडकल्या. “माझ्या हातचं खाऊन पोरं गुबगुबीत झालीत, अल्प कुठला!”

“काकू, प्लीज! एक दिवस अल्प व्हा ना यार!”

भिंतीवर वेळापत्रक लागलं, ‘दंड पूर्णतः निषिद्ध’ अशी पाटी लागली, बिलं तारखेवार लागली. सगळं बदललं. फक्त मुलं बदलायची राहिली.

मुलं बिहारची, बंगालची, बुंदेलखंडातली. काकूंकडून मराठी शब्द शिकली तो एकच. आणि चार वाजता पिशवी घेऊन दारात जो मोठा माणूस येतो त्याच्याकडे तो असतो, हा त्यांचा शास्त्रसिद्ध अनुभव.

त्यागी आले. बरोबर चार वाजता. हातात फुगलेली पिशवी!

मुन्नी नावाची चार वर्षांची एक चिमुरडी दाराशीच होती. तिने पिशवी पाहिली, डोळे मोठे केले आणि किंचाळली, “खाऊ आ गया!”

चाळीसच्या चाळीस मुलं उठली. “खाऊ आ गया! खाऊ आ गया! खाऊ आ गया!” टाळ्या काय, उड्या काय! समोरच्या कारखान्याचा गार्ड बाहेर आला. चहाच्या टपरीवरची दहा माणसं वळून पाहू लागली. एकजण ओरडला, “अरे वाह, बच्चे भी पहचानते हैं!” त्यावर जो हशा पिकला!

बळवंतरावांनी डोळे मिटले. झालं! लागलं कुलूप!

उघडले तर समोर त्यागी पांढरे फटक. पिशवी छातीशी घट्ट धरलेली. ते बळवंतरावांच्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, “इन्हें किसने बताया?”

“क्या साहब?”

“कुछ नहीं, कुछ नहीं. पेन दीजिए. जल्दी!”

फाइल उघडली नाही. खोल्या पाहिल्या नाहीत. पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्या, गार्डच्या दुचाकीच्या सीटवर कागद ठेवून सही केली, परवाना एकदम तीन वर्षांचा दिला आणि तुमचा माणूस रिक्षात बसून दिसेनासा झाला. मागून पोरं धावली, बिचारी, “खाऊ जा रहा है!” म्हणत.

“अहो, एक लाडू तरी द्यायचा होता,” विजयालक्ष्मीबाई हळहळल्या.

“थांब गं. तो काय म्हणाला ते ऐकलंस?” परवाना हातात होता, पोरांची सोय झाली होती, पण बळवंतरावांच्या डोक्यात किडा वळवळत होता. संपदा म्हणाली, “काका, आता सोडा. तीन वर्षं मिळालीत.” सोडतील कसे? दुसऱ्याच दिवशी त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. प्रश्न एकच, या वेळी शुद्ध हिंदीत : ‘निरीक्षण के दिन त्यागी जी की थैली में क्या था?’

साहेब, तीस दिवस कधीच उलटून गेले. दुसरं स्मरणपत्रही गेलं. मुलांना कोणी काही सांगितलं नव्हतं हो, ती लाडू मागत होती! तुमच्या माणसाला मात्र वाटलं, कोणीतरी सांगितलं. मग सांगण्यासारखं होतं तरी काय? उत्तर द्या!