मंगळवारचं हृदय

गायकवाडकाकांचं हृदय दर मंगळवारी माझ्याकडे असायचं. बुधवारी ते तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनकडे जायचं, आणि बाकीचे दिवस आमचा वॉचमन सांभाळायचा.

दचकू नका. काका म्हणजे आमच्या इंद्रलोक सोसायटीतले माझे शेजारी. एकटेच राहतात. गेल्या वर्षी त्यांना अ‍ॅटॅक येऊन गेला. मुलगी स्नेहा बंगळुरूला. कंप्युटरवर पेशंटच्या हृदयाचं मॉडेल बनवायचं, हीच तिची नोकरी. तिने बाबांना एक घड्याळ पाठवलं. ते मनगटावर बांधलं की ठोके, हालचाल, जागा, सगळं थेट तिच्याकडे. मग कंप्युटर ते ठोके आणि जुने रिपोर्ट जुळवून सांगणार, हृदय किती काम करतंय, कुठे दमतंय.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी टेबल चकाचक करायची जन्माची सवय. "रेकॉर्ड साफ पाहिजे, ताई!" म्हणत त्यांनी घड्याळ सरळ माझ्याच मनगटावर बांधलं.

"अहो काका, हा काय आचरटपणा?"

"खराब रीडिंग गेलं तर पोरगी नोकरी सोडून इथे येऊन बसेल. तिच्या आईच्या आजारपणात तेच केलं तिने. आता नको."

कपाळ माझं! मीही मूर्खासारखी तयार झाले, पण फक्त मंगळवारपुरती. मग मंगळवारी मला जिना बंद आणि नवऱ्याशी भांडणही बंद. आमचा आवाज चढला की काका दारातून ओरडायचे, "हार्ट माझं आहे, जरा जपून!"

हंसाबेन म्हणाल्या, "अंकल, बुधवार को मेरी गरबा प्रॅक्टिस है."

"करो, करो! हार्ट मजबूत दिखेगा!"

परवा रविवारी मी काकांकडे चहाला बसले होते. घड्याळ चार्जिंगला होतं. तेवढ्यात स्नेहाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तुमचं हृदय मंगळवारी गुपचूप बसतं, बुधवारी दोन तास गोल फिरून टाळ्या वाजवतं, आणि बाकी दिवस गेट ते पाण्याचा पंप चकरा मारतं. मॉडेल झालंय छान. पण कुणाचं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं.

"बांधा. आत्ता, माझ्यासमोर," स्नेहा म्हणाली.

काकांनी घड्याळ बांधलं. "नोकरी सोडू नकोस गं," एवढंच म्हणाले.

"कोण सोडतंय नोकरी? रजा टाकलीय. शनिवारी येतेय, आपण हृदयाचा इको काढून घेऊ." मग तिने बाजूच्या स्क्रीनकडे पाहिलं आणि ती घाबरली. "बाबा, केवढे ठोके पडतायत! जिने चढलात का आत्ता?"

"नाही गं, बसलोय," काका दुसऱ्या हाताने घड्याळ झाकत म्हणाले. "तू येतेय म्हणालीस ना, म्हणून."