आवाजाचा राजशिष्टाचार

सरावलीतल्या नागरिकांना वायुगळतीच्या वेळी नेमके काय करावे हे ठाऊक नाही, ही बाब कोळगावच्या जनजागृती समन्वय कक्षाच्या निदर्शनास आली. यायला फार वेळ लागला असे नाही, सतरा वर्षे लागली. उपाय म्हणून दीड मिनिटाचे एक गाणे तयार करण्यास मंजुरी मिळाली आणि सरावलीत एकच स्टुडिओ असल्यामुळे काम तो चालवणाऱ्या भाग्येशकडे आले.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या आणि एक संगणक. आजवर तिथे हळदीची गाणी आणि निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा यांपलीकडे काही झाले नव्हते. पण हे काम भाग्येशला मनापासून हवे होते. त्याचे वडील नागोराव परभणीकडून येऊन इथल्या एका कारखान्यात बॉयलरवर लागले होते. सतरा वर्षांपूर्वी गळती झाली तेव्हा सगळे जिकडे वारा तिकडे पळत सुटले, नागोरावही पळाले, आणि वास त्यांच्या मागोमाग आला. तेव्हापासून ते जिना चढताना दोनदा थांबतात. गाण्यातली मुख्य ओळ त्यांनीच सांगितली आणि भजनी मंडळात आवाज कमावलेल्या आईने, सोजराबाईंनी, ती एका दमात म्हटली: तोंडाला ओलं फडकं धरा, वाऱ्याला आडवं चला.

म्हणून झाल्यावर त्या लेकाला एवढेच म्हणाल्या, "माजं नाव नसलं तरी चालंल. पर ही ओळ पार शेवटच्या चाळीपर्यंत गेली पायजे."

भाग्येशने शब्द दिला.

कक्षाने गाणे पसंत केले. फक्त आरंभी समन्वय अधिकारी खंडेराव साहेबांचा दोन वाक्यांचा संदेश असावा, असे ठरले. मग इतर विभागांनी विचारले, आमचा का नाही? प्रश्न रास्त होता. दहा साहेबांचे दहा संदेश जमा झाले आणि सगळे मिळून अकरा मिनिटे भरली. भाग्येशने डोके धरले, पण खंडेराव साहेब डगमगले नाहीत. मंजुरी दीड मिनिटाची आहे, परंतु एका वेळी किती जणांनी बोलावे यावर मंजुरीत कुठलीच मर्यादा नाही, असे त्यांनी शांतपणे निदर्शनास आणले.

तेव्हा भाग्येशने ऑटोमेशनचा मार्ग सुचवला. संगणकात प्रत्येक आवाजासाठी एक रेषा असते. ती वर काढली की तो आवाज चढतो, खाली आणली की उतरतो; एकदा रेषा आखून दिली की यंत्र आपले आपण ती पाळते. म्हणजे एकेक साहेब क्षणभर वर येतील, मग बाजूला होतील आणि आईची ओळ आली की बाकीचे सगळे दबतील. त्याने उत्साहाने पडद्यावर त्या रेषा दाखवल्या. इथेच पोराचे चुकले. तोवर गाणे ही कक्षाच्या लेखी ऐकायची वस्तू होती. रेषा दिसल्या आणि ती बघायची वस्तू झाली. खंडेराव साहेबांनी रेषांची छापील प्रत मागवली, नस्तीला लावली आणि नस्ती विभागोविभाग फिरू लागली.

कागद काही वाजत नाही. त्यामुळे कोणालाच गाणे ऐकावे लागले नाही आणि सर्वांचे अभिप्राय वेळेत आले. तेविसाव्या सेकंदाला सहायक अधिकाऱ्यांची रेषा उपप्रमुखांच्या रेषेच्या वर गेलेली दिसते, खुलासा व्हावा. अमुक साहेबांचा आवाज डावीकडून का येतो, बैठकीत ते उजवीकडे बसतात. तमुक साहेबांच्या आवाजात थोडे सभागृह घालावे, खोलीत बोलल्यासारखे वाटते. एका साहेबांची रेषा शेवटी तळाला टेकत होती. त्यावरून ते निवृत्त झाल्याचा गैरसमज पसरण्याची शक्यता त्यांनी स्वतःच वर्तवली होती.

खंडेराव साहेबांनी यावर राजशिष्टाचाराप्रमाणे तोडगा काढला. चढउतार बंद. सर्व रेषा सरळ, ज्येष्ठतेनुसार एकाखाली एक, प्रत्येकी एक पायरी अंतर. सर्वांत वर खंडेराव साहेब. सोजराबाईंना पद नव्हते, म्हणून त्यांना लाभार्थी या वर्गात घेऊन अकराव्या पायरीवर ठेवण्यात आले.

भाग्येश कोळगावला धावला.

"साहेब, इतक्या खाली आईचा आवाज ऐकूच येत नाही."

"रेषा आहे ना कागदावर?"

"आहे, पण तळाला."

"मग वगळलेलं नाही. लाभार्थी शेवटीच असतो, भाग्येश. यालाच आपण शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणं म्हणतो."

भाग्येश संतापून स्टुडिओत परतला आणि गुपचूप आईची रेषा दोन पायऱ्या वर चढवून प्रत पाठवून दिली. कक्षाने पट्टी लावून मोजली. चार मिलिमीटरचा फरक निघाला. खुलासा मागवणारे पत्र आले आणि सोबत आदेश, की यापुढे रेषा हलवण्याचा अधिकार कक्षाकडे राहील, भाग्येशकडे केवळ वाजवण्याचा. मान्य नसल्यास लाभार्थीविना गाणे वाजवण्याचीही कक्षाची तयारी होती. भाग्येशने सही केली. तळाला का होईना, आई गाण्यात आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली. तरी आठवडाभर त्याला तिच्याकडे धड बघता येईना.

रंगीत तालमीसाठी सकाळी अकराची वेळ ठरली. सरावलीच्या मैदानावर भोंगे लागले, मधोमध गळतीचा देखावा म्हणून धुराचे नळकांडे पेटवले, सायरन झाला आणि गाणे सुरू झाले. दहा साहेब एकदम, एका सुरात नव्हे पण एका निष्ठेने बोलू लागले. चाळींमधल्या लोकांनी भोंग्यातून इतके साहेब एकत्र ऐकले आणि अनुभवी नागरिकांनी काढावा तो निष्कर्ष काढला: काहीतरी वाटप आहे. माणसे रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बसायला खुर्च्या घेऊन थेट धुराच्या दिशेने निघाली. ज्यांचे पाय चालत नव्हते त्यांना शेजाऱ्यांनी उचलून आणले.

सोजराबाई ओला पदर हातात धरून भाग्येशच्या शेजारी उभ्या होत्या. कान टवकारून त्यांनी बराच वेळ ऐकले.

"माजं कवा लागनार रं?"

भाग्येशने मान खाली घातली. "लागलंय आई. चालूच हाय."

सोजराबाईंनी पदर पिळला आणि पुन्हा खोचला. भाग्येशला त्या क्षणी त्या संगणकाची, कागदाची आणि स्वतःच्या सहीची एकाच वेळी शिसारी आली.

तेवढ्या गर्दीत एकटे नागोराव नाकाला ओले फडके लावून वाऱ्याला आडवे, मैदानापासून दूर चालले होते. मध्ये थांबत, खोकत. स्वयंसेवक मेहुल धावत गेला, "बाबा, उधर किधर? प्रोग्राम इधर है," म्हणत त्याने त्यांचा हात धरला, परत आणले आणि आदराने पहिल्या रांगेत, धुरासमोर बसवले.

तालीम शंभर टक्के यशस्वी झाली. अहवालात नोंद आहे, की नागरिकांनी उत्स्फूर्त गर्दी केली. केवळ एक ज्येष्ठ नागरिक चुकीच्या दिशेने जाताना आढळले, त्यांचे समुपदेशन करण्यात आले.

कक्षाने या तालमीचा व्हिडिओही काढला. तो बराच फिरला, तुमच्याकडेही आला असणार. धुरात बसलेली माणसे बघून तुम्ही हसलात, अंगठा दिलात आणि घरच्या ग्रुपवर पुढे पाठवलात. चारचौघांत बसला होतात, म्हणून मोबाइलचा आवाज तेवढा बंद ठेवला होतात.